सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर: ट्यूनिंग आधी की सराव आधी?

टेक्सासकर
इथल्या काउबॉय ॲक्शन शूटिंगच्या (जुन्या काउबॉय घाटाच्या बंदुकांनी, वेळ लावून लोखंडी पाट्यांवर मारायच्या) स्पर्धा बघून मीही उतरायचं ठरवलंय. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर लागतात (दर गोळीला घोडा, म्हणजे हॅमर, अंगठ्याने ओढायच्या), प्रत्येकीत पाचच गोळ्या भरायच्या. मनात रुगर कंपनीची न्यू व्हॅकेरो आहे, .357 कॅलिबरमध्ये, म्हणजे .38 स्पेशल गोळीही चालेल. माझं मत असं की दुकानातून निघाल्या निघाल्या बंदुका गनस्मिथकडे (बंदूक-कारागिराकडे) टाकाव्यात. कंपनीचा घोडा ओढायला फार जड असतो. कुणाचं काय म्हणणं?

जुना खोड
सपशेल असहमत. आधी पाचशे-हजार गोळ्या झाडा. निम्मा खरखरीतपणा आपोआप जातो. शिवाय रुगर कशाला? 1873 च्या कोल्टच्या घाटाची इटालियन उबर्टी घ्या. घोडा ओढताना जे चार टिचटिच आवाज येतात, त्यातली मजा रुगरला नाही.

स्प्रिंगवाला
मजा आहे, मान्य. पण त्या घाटात पट्टीच्या स्प्रिंगा असतात आणि भर मोसमात त्या मोडतात. रुगरमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा, वर्षानुवर्षं काही होत नाही. मुख्य म्हणजे जो तो चापाबद्दल (ट्रिगरबद्दल) बोलतो. अहो, दर गोळीला घोडा अंगठ्याने ओढायचा असतो! वेळ तिथे जातो. स्प्रिंग हलकी केली की मूठ हातात फिरत नाही आणि नेम लगेच परत बसतो. स्प्रिंग बदला, चापाला हात लावू नका. सीअर (ओढलेला घोडा अडवून धरणारा खटका) घासायची हौस घरी तर मुळीच नको, एकदा कोन बिघडला की बंदूक धोकादायक झाली.

जुना खोड
आणि हलक्या स्प्रिंगने प्रायमर (गोळीच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी) फुटला नाही की? बझर वाजलेला, घोडा पडलेला, आणि नुसतं 'टक्'. वाचवलेली सेकंदं तिथेच गेली.

स्प्रिंगवाला
म्हणून मऊ प्रायमर वापरतात. फेडरल कंपनीचे घ्या, सीसीआयचे जरा कडक असतात. एकेक पायरी हलकी स्प्रिंग घालून तपासायचं. एकही गोळी दगा देत असेल तर मागच्या पायरीवर या.

कोल्हापूरची
मी 25 मीटर पिस्तूलवाली, तुमचा खेळ फक्त पाहिलाय. आमच्याकडे चाप 1000 ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही, वजन टांगून तपासतात. आमच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते याच नियमात. त्यामुळे हलकं म्हणजे चांगलं, हे मला पटत नाही. तुमची पाटी तर सात-दहा यार्डांवर, ताटापेक्षा मोठी! मला पहिली शंका येईल ती साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची. मागची साइट हलतच नाही, मग गोळी खाली लागली तर काय करता?

स्प्रिंगवाला
ताई, हा प्रश्न लाखाचा. पुढची साइट कानसायची. ती बुटकी झाली की मारा वर जातो. पण आधी गोळीचं वजन आणि तिच्यातली बंदुकीची दारू कायमची ठरवा. जड गोळी सावकाश जाते, नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळी उचलली जाते, म्हणून ती वर लागते. म्हणजे 125 ग्रेन वजनाच्या गोळीसाठी कानसलेली बंदूक 158 ला आणखी वर मारणार, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. डावी-उजवीकडची चूक असेल तर नळी किंचित फिरवावी लागते, ते मात्र गनस्मिथचंच काम.

जुना खोड
इथे मात्र सहमत. आणि निव्वळ कागदी टार्गेटच मारायचं असेल तर रुगरचीच ब्लॅकहॉक घ्यावी, मागची साइट स्क्रूने हलते. काउबॉयच्या सगळ्या गटांत चालत नाही एवढंच. स्प्रिंगांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

टेक्सासकर
बरं. .38, 125 ग्रेन, न्यू व्हॅकेरोची जोडी. फक्त मुख्य स्प्रिंग बदलतो, तीही पाचशे गोळ्यांनंतर. खोडकाका, यात तुमचं निम्मं ऐकलंय.

जुना खोड
निम्मं नाही, पाव. उबर्टी राहिली की!