पाळी गेली की सरसकट व्हिटॅमिन डी कशाला?

पन्नाशीपार: पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात म्हणून दाखवायला गेले, तर गुडघ्याला हातही न लावता चिठ्ठी आली: डी थ्रीचा ६०,००० युनिटचा सॅशे, आठवड्यातून एक, आठ आठवडे. भिशीत विषय काढला तर निम्म्या जणींकडे तीच चिठ्ठी. प्रसाद वाटल्यासारखं चाललंय! अमेरिकेत व्हिटॅमिन डीचा उपयोग तपासणाऱ्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोक होते, निम्म्यांना रोज २,००० युनिट डी, पाच वर्षं. २०२२ मध्ये निकाल आला: हाडं मोडायची तेवढीच मोडली. मग हे कशासाठी?

कोकणकडा: ताई, त्या चाचणीतल्या बहुतेकांच्या अंगात डी आधीच पुरेसं होतं. भरल्या हंड्यात आणखी ओतलं तर सांडणारच. माझ्या थोरल्या वहिनींचं सांगतो. वय ५८. जमिनीवरून उठताना हात टेकायच्या, जिन्यात कठडा सुटत नसे, मांड्या ठणकायच्या. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. रक्त तपासलं तर डीची पातळी फक्त ६, म्हणजे फारच कमी! हाडं मऊ पडली होती, ऑस्टिओमलेशिया. उपचार सुरू झाल्यावर चारेक महिन्यांत पुन्हा खाली बसून भाकऱ्या थापायला लागल्या. त्यांना कुठली चाचणी दाखवू?

पन्नाशीपार: वहिनींचं पटलं. पण त्यांचं रक्त तपासलं होतं, माझं नाही. भांडण तेवढंच आहे.

औषधवाला: काउंटरपलीकडून सांगतो. आठ आठवडे संपले तरी लोक वर्षभर सॅशे मागतात. एक काकू रोज एक घेत होत्या, दुधातून, ‘ताकद येते’ म्हणून. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर येतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर प्रयोग झाला, वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस. २०१० चा निकाल: डोस घेतलेल्या १५ टक्के जास्त वेळा पडल्या, हाडंही जास्त मोडली.

कोवळं ऊन: एवढा खटाटोप कशाला? मी रोज सहाला फिरायला जातो. ऊन फुकट आहे.

कोकणकडा: काका, सहाच्या उन्हात डी बनत नाही, त्याला अकरा ते दोनचं ऊन लागतं. तेही काचेतून नाही. आणि पुण्याच्या बायका त्या वेळी सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून स्कूटरवर असतात. दिसतात फक्त डोळे.

औषधवाला: डोळ्यांवरही गॉगल :)

हाडवैरी: पन्नाशीपार, सरसकट तपासणीही नको. निरोगी माणसाची डी पातळी उगाच तपासत बसू नका, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेच, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनेच, २०२४ मध्ये सांगितलं. शिवाय आपल्याकडे तपासणीपेक्षा आठ सॅशे स्वस्त. कमतरता घरोघरी आहे हे माहीत असताना डॉक्टरांनी थेट दिलं, तर फार चुकलं असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी. पाळी गेल्यावर हाडं झिजतात ती मुख्यतः इस्ट्रोजेन हे हार्मोन घटल्यामुळे. ती जागा डी भरून काढत नाही, आणि गुडघ्याची झीजही सॅशेने भरत नाही. तुमच्या आईचा खुबा मोडला होता का? कधी स्टेरॉइड घेतलीत का? हे विचारून गरज असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला हवी होती. आणि मांड्यांचे व्यायाम तर चिठ्ठीत पहिले.

पन्नाशीपार: आईचा खुबा मोडला होता, ६७ व्या वर्षी. हे मला कुणी विचारलंच नाही.