'स्नायपिंग'ला मराठीत काय म्हणाल? टपणं, टिपणं की नुसतीच ऐनवेळची बोली

नाणेवाली
नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्या आमच्या मंडळाच्या मासिकासाठी ऑनलाइन लिलावांवर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडून बसलेय. ईबेवर लिलाव संपायची वेळ आधीच ठरलेली असते. काही जण सात दिवस वस्तूवर नजर ठेवून गप्प बसतात आणि शेवटच्या चार-पाच सेकंदांत बोली टाकून ती घेऊन जातात. हे काम आपोआप करणारी सॉफ्टवेअरंही आहेत. वस्तूचा क्रमांक, आपली कमाल रक्कम आणि किती सेकंद आधी बोली जावी एवढं भरायचं नि खुशाल झोपायचं. इंग्रजीत याला स्नायपिंग म्हणतात.

मी आधी 'अंतिमक्षणी बोली' लिहिलं होतं. संपादकांनी समासात शेरा मारला, "हे निधनाच्या बातमीसारखं वाटतंय." पटलं. 'नेमबाजी' म्हणावं तर ऑलिंपिक आठवतं. कृतीला एक आणि त्या सॉफ्टवेअरला एक असे दोन शब्द हवे आहेत. तोंडात बसतील असे.

खरडवही
ऐनवेळची बोली. झालं की.

नाणेवाली
ऐनवेळी पाहुणेही येतात आणि ऐनवेळी गॅसही संपतो, त्यात कुणाचा बेत नसतो. इथे माणूस ठरवून थांबलेला असतो. तो थांबणं शब्दात यायला हवं.

पाणथळ
मूळ शब्दापासून सुरुवात केली तर वाट सापडेल कदाचित. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. चिखलात, भाताच्या खाचरात चोच खुपसत फिरणारा, रंगानं असा की पायाशी असला तरी दिसत नाही. उठतो तो एकदम, आणि उडतो वेडावाकडा. त्यामुळे बंदुकीनं मारायला महाकठीण. १७७० च्या दशकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी घरी पाठवलेल्या पत्रांतून पाणलाव्याच्या शिकारीला 'स्नायपिंग' म्हणू लागले. लपून एकेका माणसाला गोळी घालणारा तो स्नायपर, हा अर्थ पुढे एकोणिसाव्या शतकातला. म्हणजे शब्द इंग्रजी असला तरी चिखल आपल्याकडचा आहे.

शिकाऱ्यांच्या मराठीत या कृतीला क्रियापद तयार आहे: टिपणे. 'सावज टिपलं.' आधी दबा धरून बसायचं, मग टिपायचं.

बाजीगर
'बाजी मारणे' का नको? आपल्याकडे ऑनलाइन लिलावांची पहिली गाजलेली साइट 'बाझी'च होती. २००४ मध्ये ती ईबेनं विकत घेतली. ईबेचं भारतातलं दुकानही ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं, तो भाग वेगळा.

नाणेवाली
बाजी पहिल्या मिनिटालाही मारता येते हो. छान शब्द, पण फार मोठ्या मापाचा.

पोस्टकार्डवाला
न्यू जर्सीहून लिहितोय. वीसेक वर्षं जुनी चित्रपोस्टकार्डं गोळा करतोय, बहुतेक मुंबईची. टिपला गेलेला आणि टिपणारा असा दोन्ही बाजूंचा अनुभव गाठीशी आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

व्हिक्टोरिया टर्मिनसचं एक कार्ड आलं होतं. हातानं रंगवलेलं, आकाश जरा जास्तच गुलाबी. मागं एडवर्ड राजाचं एक आण्याचं लाल तिकीट आणि शिक्क्यातलं 'बॉम्बे' अर्धं पुसट. मी पाच दिवस आधीच ४० डॉलरची कमाल बोली लावून ठेवली. ही रक्कम साइट कुणाला दाखवत नाही. समोरच्यापेक्षा एक पायरी वर राहण्यापुरतीच आपली बोली चढवत नेते. शेवटच्या रात्री मी २२.५० वर पुढे होतो. बायको म्हणाली, "झोपा आता, मिळालंय ते." दहा सेकंद उरले, सात उरले, आकडा तोच. मग पान एकदा डोळा मिटल्यासारखं झालं आणि समोर ४१. लिलाव समाप्त. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या रात्री मी त्या माणसाला आयत्या बिळावरचा नागोबा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं.

सकाळी डोकं थंड झाल्यावर हिशेब मांडला. त्यानं त्याची रक्कम पाच दिवस आधी लावली असती तरी ४० ला मी हरलोच असतो. मग राग कसला? राग याचा की ४० ही माझी खरी कमाल नव्हतीच. कुणी वर गेलं तर ४५, मग ५० करू, असा मनात बेत होता. म्हणजे मी चिमटी-चिमटीनं चढवणारा गिऱ्हाईक, आणि त्यानं मला दुसरी चिमूट सोडायला वेळच ठेवला नाही. त्यानं फसवलं काहीच नाही. ईबेच्या नियमातही हे बसतं.

मग मीही तसलं सॉफ्टवेअर घेतलं. हौसेनं 'दोन सेकंद आधी' असं भरलं. बोली पोचली तेव्हा लिलाव संपलेला. तेव्हा नाणेवाली, दोन सेकंदांच्या बोलीला मराठीत तयार शब्द आहे: वरातीमागून घोडं. हल्ली सहा सेकंद ठेवतो. आणि रक्कम कधी गोल ठेवत नाही, ६० ऐवजी ६१.३७. बरोबरी झाली तर आधी आलेली बोली जिंकते आणि टिपणारा कायम नंतरचाच असतो.

शब्दाचं म्हणाल तर आमच्यात सरळ "स्नाइप केलं" म्हणतात. पण 'टिपलं' वाचल्यावर वाटलं, हेच म्हणायला हवं होतं.

अडत्याचा नातू
आमचं घराणं निफाड तालुक्यातलं, कांद्यातलं. आजोबांना हा शब्द विचारला असता तर त्यांना प्रश्नच कळला नसता. लासलगावच्या आवारात ट्रॉलीमागून ट्रॉली लिलाव होतो. पुकारणारा पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे, क्विंटलला भाव चढत जातो. तिथे घड्याळ लिलाव संपवत नाही, माणसं संपवतात. "एकवार… दोनवार…" आणि 'तीनवार'च्या आधी कुणी तोंड उघडलं की मोजणी पुन्हा एकपासून. शेवटच्या क्षणी बोललात तर तो क्षण शेवटचा राहतच नाही! मग टपून बसून मिळवणार काय? म्हणून बाजाराच्या मराठीत याला शब्द नाही. बोली चढवणं, बोली पाडणं, साखळी करणं, डमी उभा करणं, सगळ्याला आहे. नेमका यालाच नाही.

आणि डमी, साखळी या लबाड्या झाल्या. हा प्रकार त्या पंगतीत बसवू नका, शब्द निवडताना एवढं बघा.

दुसरी_किंमत
अडत्याच्या नातवानं जे सांगितलं ते अर्थशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली दोन साइटी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. ईबेवर वेळ पक्की. ॲमेझॉनवर तेव्हा लिलाव चालत, आणि तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे सरके. दहा मिनिटं कुणीच बोललं नाही तरच तो संपे. शेवटच्या मिनिटाची झुंबड ईबेवर दिसली, ॲमेझॉनवर जवळजवळ नाही. ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या लिलावांत ती जास्त. कारण तिथे जाणकाराची बोली हीच बातमी असते. पोस्टकार्डवाल्यांसारख्या माणसानं हात वर केला की बाकीचे म्हणणार, अरे, यात काहीतरी आहे. म्हणून जाणकार गप्प बसतो. रॉथना पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

यातून तुम्हाला आणखी दोन शब्द लागतील. मी वर्गात 'पक्की वेळ' आणि 'सरकती वेळ' म्हणतो. पोरांना लगेच कळतं.

नाणेवाली
हे दोन्ही उचलले. सरकती वेळ आपल्याकडे कुठे दिसते?

दुसरी_किंमत
रोजच्या पेपरात. सरफेसी कायद्याखाली बँका जप्त मालमत्ता विकतात, त्या जाहिराती वाचा. 'प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्यादित विस्तारासह' असं मराठी असतं. कुणाच्या तरी घराचा लिलाव आणि त्यात हा अमर्यादित विस्तार! पण अर्थ तोच, शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोललं की पाच मिनिटं पुढे. तिथे टिपणारं सॉफ्टवेअर लावून उपयोग नाही.

उंटावरून
हे सगळं इंटरनेटमुळे झालं असं समजू नका. सतराव्या शतकात इंग्लंडात मेणबत्तीचे लिलाव होत. इंचभर मेणबत्ती पेटवायची, ज्योत विझण्याआधीची शेवटची बोली खरी. सॅम्युअल पीप्स आरमाराच्या कचेरीत होता. ३ सप्टेंबर १६६२ च्या रोजनिशीत त्यानं जुन्या जहाजांच्या अशा विक्रीबद्दल लिहिलंय. एक पठ्ठ्या दरवेळी बरोबर शेवटी बोलत होता. पीप्सनं विचारलं तेव्हा त्यानं गुपित सांगितलं की विझायच्या आधी धूर खाली उतरतो, तो दिसला की बोलायचं. पोस्टकार्डवाल्यांचे सहा सेकंद म्हणजे तो धूरच की.

नाणेवाली
धूर लेखात घेणार, परवानगी मागत नाही.

हर्रासी
थोडं विषयांतर. तुम्ही सगळे 'लिलाव' म्हणताय, आमच्याकडे नांदेडला बाजाराची, तळ्याची हर्रासी होते. हा अरबी 'हराज'. गंमत म्हणजे 'लिलाव'ही मुळात अरबीच, फक्त पोर्तुगीजांच्या 'लेइलांव'मधून समुद्रमार्गे किनाऱ्याला लागलेला. तुमचा शब्द जहाजातून आला, आमचा निजामाच्या कचेरीतून. बाकी चालू द्या.

शुद्धिपत्र
'टिपणे'वर एक हरकत आहे. त्या क्रियापदाच्या घरात आधीच गर्दी आहे. चिमणी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई डोळे टिपते, बातमीदार मुद्दे टिपून घेतो. फोटोग्राफर तर हल्ली ऊठसूट क्षण टिपत असतात, ते वाचून कंटाळा आलाय. उद्या कुणी 'त्यानं शेवटच्या सेकंदाला बोली टिपली' असं लिहिलं तर मी काय समजू? त्यानं आकडा वहीत लिहून घेतला असंच समजणार.

पाणथळ
हरकत रास्त आहे, पण चूक कर्माची आहे, क्रियापदाची नाही. शिकारी गोळी टिपत नाही, सावज टिपतो. तसं बोली टिपायची नाही, वस्तू टिपायची. 'त्यानं शेवटच्या सेकंदाला कार्ड टिपलं.' आता बघा.

आणि ती गर्दी मला उलट आवडते. दाणा, शाई, आसू, सावज, सगळीकडे एकच हालचाल आहे. आजूबाजूला धक्का न लावता नेमकं तेवढंच उचलायचं. चिमणी अख्खं सूप पालथं घालत नाही.

शुद्धिपत्र
'कार्ड टिपलं' चालेल. 'टिपबोली' असलं जोडकाम मात्र करू नका, ते टिपटॉपचं भावंड वाटतं.

खरडवही
मग नाम काय वापरायचं? शीर्षकात क्रियापद कसं टाकणार?

शुद्धिपत्र
का नाही टाकायचं? इंग्रजीला प्रत्येक गोष्टीचं नाम लागतं म्हणून आपल्यालाही लागतं असं नाही. 'शेवटच्या सेकंदाला टिपणं' हे शीर्षक मी तरी वाचेन. अगदीच नाम हवं असेल तिथे खरडवहींची ऐनवेळची बोली आहेच. एकदा 'टिपणं' समजावून दिलं की नंतर 'ऐनवेळची' म्हटलं तरी बेत कळतो.

नाणेवाली
म्हणजे पहिल्या उत्तराला मी उगाच झिडकारलं. माफ करा, खरडवही. आता त्या सॉफ्टवेअरचं काय?

पोस्टकार्डवाला
ते काय करतं ते सांगतो, मग नाव ठेवा. काही आपल्या संगणकावर चालतात, तो रात्रभर चालू ठेवावा लागतो. काही त्यांच्या सर्व्हरवरून चालतात, आपला फोन बंद असला तरी काम होतं, पण त्यांच्या हाती खात्याची किल्ली द्यावी लागते. मला ते अजून खटकतं. मी अशा खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत नाही. खरी सोय वेगळीच आहे: एकाच कार्डाच्या चार प्रती चार लिलावांत असल्या तर चौघांचा गट करता येतो. एक मिळालं की उरलेल्या तीन बोल्या आपोआप रद्द. हे हातानं करायला गेलो आणि एकदा एकच कार्ड दोनदा घरी आलं. दुसरं मेहुण्याला दिलं, त्याला अजून वाटतं मुद्दाम त्याच्यासाठी आणलं.

अडत्याचा नातू
म्हणजे टिपायचं आपण ठरवतो, टपून ते बसतं.

नाणेवाली
हे झालं काम! 'टपून बसणारं सॉफ्टवेअर'. टपणं त्याचं, टिपणं आपलं. लेखातलं वाक्य असं करतेय, बघा कसं वाटतं:

'पक्क्या वेळेच्या लिलावात जाणकार सहसा आधी बोलत नाही. आपली खरी कमाल रक्कम ठरवून तो टपून बसणारं सॉफ्टवेअर लावतो आणि शेवटच्या सहा सेकंदांत नाणं टिपतो. सरकत्या वेळेच्या लिलावात याचा उपयोग होत नाही.'

शुद्धिपत्र
'सहा सेकंदांत' म्हणजे टिपायला सहा सेकंद लागले असं होतं. 'सहा सेकंद उरले असताना' करा. बाकी ठीक.

पोस्टकार्डवाला
'खरी' या शब्दाखाली रेघ मारता आली तर मारा. माझे ४० आठवतात.

नाणेवाली
दोन्ही केलं. संपादकांकडे पाठवलंय. त्यांचा शेरा आलासुद्धा: "टपणं, टिपणं कळलं. ईबे पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?"

खरडवही
त्याला नवा धागा काढा.