माफी मिळाल्यावर लगेच कोण सुधरतं?

भाऊ, तुम्ही म्हणता वाईट माणूस सुधारायच्या कादंबऱ्या फेक वाटतात, शेवटी सगळं गोडगोड. बऱ्याच तशा असतातही. पण फ्रेंच लेखक ह्युगोची ले मिझराब्ल (१८६२) बघा, जेलमधून सुटलेला जाँ व्हालजाँ बिशपची चांदी चोरतो, बिशप माफ करतो, वर मेणबत्तीचे स्टँडपण देतो, आणि हाच व्हालजाँ पुढे रस्त्यात एका पोराच्या ४० सूच्या (सू म्हणजे जुनं फ्रेंच चिल्लर) नाण्यावर पाय ठेवून उभा, पोरगं रडतंय तरी हलत नाही! मला तर तिथंच तो खरा वाटला. आमच्या जळगावात टपरीवर यावरून जाम वाजलं, मित्र म्हणे चोर तो चोरच. अरे पण १९ वर्षं जेल, त्यातली पाव चोरल्याची ५च, बाकी पळायला गेला म्हणून (आणि वर सुटलेल्या कैद्याचा पिवळा पासपोर्ट, कोणी खोली देईना). त्या पोराचा चॅप्टर तेवढा वाचा, मग बोलू.