चिप बदलण्याआधी डेटाची लाइन बघा
तापमान मोजणाऱ्या एलएम७५ चिपला तिचा पत्ता (तारेवरचा तिचा ओळख क्रमांक) बरोबर देऊनही उत्तर येत नसेल तर ती गेली समजा आणि नवी बसवा, असा सल्ला काही जण देतात. मला हे पटत नाही. आधी मीटर लावून एसडीए लाइन, म्हणजे डेटाची तार बघा. ती कायम शून्यावर असेल तर चिप बहुधा धडधाकट असते, फक्त बोलता बोलता मध्येच अडकलेली असते. आय-टू-सीमध्ये, म्हणजे डेटा आणि क्लॉक अशा दोन तारांवर चिपा बोलतात त्या पद्धतीत, चिप लाइन फक्त खाली (शून्याकडं) ओढू शकते, वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. वाचन चालू असताना चिपला विचारणारा कंट्रोलर रीसेट झाला आणि नेमका तेव्हा चिपकडून शून्याचा बिट चालला होता, तर क्लॉकचा पुढचा ठोका येईपर्यंत ती लाइन सोडतच नाही.

कुपवाडला माझ्याकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा बोर्ड आला होता. लाइटनं झटका दिला की तापमान गायब. आधीच्यांनी दोन चिपा बदललेल्या, पॅड पार उचकटलेले. झटक्यात कंट्रोलर रीसेट व्हायचा, पण सेन्सरचा पुरवठा मात्र टिकून राहायचा. त्यामुळं चिप तिथंच अडकायची. मी सुरुवातीच्या कोडमध्ये एसडीए मोकळी सोडून क्लॉकचे ९ ठोके आणि मग स्टॉप (बोलणं संपल्याची खूण) एवढंच घातलं. ९ का, तर ८ बिट आणि १ पोचपावतीचा. त्यानंतर तो बोर्ड परत आला नाही.

एसएमबस (आय-टू-सीवरच बेतलेली, पण मुदत घातलेली पद्धत) पाळणारी चिप असेल तर क्लॉक ३५ मिलिसेकंद खाली धरला तरी ती आपणहून सुटते. साध्या आय-टू-सीत अशी मुदतच नाही, म्हणून डेटाशीटमध्ये 'टाइमआउट' आहे का ते बघूनच चिप घ्या.