वडापाव पार्सलसोबत चटणी कोणती? (माणसं 40, बजेट 400)

वाकडकरीण: रविवारी बारसं आहे. वडे-पाव कोपऱ्यावरच्या गाडीवरून पार्सल आणणार, पण त्यांची चटणी म्हणजे नुसतं लाल पाणी. चटणी आपली वेगळी हवी. माहेर लातूर, सासर ठाणे. 400 रुपयांत काय होईल?

गिरगावकर: सुकी लाल चटणी, दुसरं काय! लसूण तेलावर परता, सुकं खोबरं भाजा, तिखट-मीठ घालून भरड वाटा. वडे तळताना कढईत पडलेला चुरा मागून घ्या, तो त्यात कुस्करा. वडापाव 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर सुरू झाला, चटणीही मुंबईचीच हवी.

सोलापूरकर: शेंगाचटणी घ्या. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. 400 मध्ये बसणार नाही, पण पाहुणे नाव काढतील. पुण्यातला माझा भाऊ दुसरी खातच नाही.

गिरगावकर: वडापावात शेंगदाणे? ती भाकरीची चटणी.

सोलापूरकर: कडक भाकरीशी तर खातोच! तुमचं खोबरं उन्हाळ्यात खवट होतं, ते बघा आधी.

तर्रीवाला_नागपूर: आलुबोंड्यावर तर्री पायजे भाऊ. चण्याचा झणझणीत रस्सा, पातेलंभर करा. चटणी-बिटणीनं काही होत नाही.

रंकाळा: कांदा-लसूण चटणी तेलात कालवून द्या की. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. आमच्यात वर्षाची एकदम करून ठेवतात.

पिंपळे_सौदागर: चटणी राहू दे, पार्सलचं बघा. आमच्याकडे वाढदिवसाला गरम वडे झाकणबंद डब्यात आले, वाफेनं मऊ पडले. पावाला ओली चटणी आधीच लावलेली, पिशवीत लगदा झाला. पाव, वडे, चटणी वेगवेगळं घ्या. चटणी सुकीच.

गिरगावकर: मी पहिल्यापासून तेच सांगतोय. सुकी.

खानदेशी: मिरच्या घरी तळणार असाल तर आधी चीर द्या, नाहीतर तेलात फुटतात. मीठ गरम असतानाच भुरभुरा.

वाकडकरीण: सगळ्यांचे आभार. घरी हिरवी करायचं ठरलं: कोथिंबीर, पुदिना, आलं, लिंबू. मुलं आणि सासूबाईंच्या मैत्रिणी लाल तिखटाला हात लावत नाहीत. वाटीत वेगळी देईन, वड्यांचा डबा उघडा ठेवेन. मिरच्याही तळणार, चीर देऊन.

गिरगावकर: हिरवी समोशाला. निदान एक वाटी लाल ठेवा.

सोलापूरकर: ठेवलीत तर शेंगाची ठेवा. शनिवारी भावाकडे येतोय, पावशेर देऊन जातो.