ड्रीम थिएटरच्या संगीतात बीटल्स नेमके कुठे ऐकू येतात?

मंद्रसप्तक:
ड्रीम थिएटर या अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे जड रॉक) बँडचे ड्रमर माइक पोर्टनॉय हे बीटल्सचे निस्सीम चाहते आहेत आणि २००३ साली त्यांनी नील मोर्स, पॉल गिल्बर्ट यांच्यासह केवळ बीटल्सची गाणी वाजवण्यासाठी ‘यलो मॅटर कस्टर्ड’ हा बँडही उभा केला होता, हे मला ठाऊक आहे. पण सात तारांची गिटार आणि वीस-वीस मिनिटांच्या रचना यांत साठच्या दशकातील तीन मिनिटांच्या गाण्यांचा अंश मला कानाने पकडता येत नाही. ‘ऑक्टाव्हेरियम’ (२००५) या शीर्षकगीतातील ‘फुल सर्कल’ या भागात ‘डे ट्रिपर’ आणि ‘ल्युसी इन द स्काय’ ही बीटल्सच्या गाण्यांची नावे शब्दांच्या साखळीत गुंफलेली आहेत, परंतु तो शब्दांचा खेळ झाला. प्रत्यक्ष संगीतात हा प्रभाव कुठे शोधावा?

जुनी_तबकडी:
ध्वनीच्या पोतात शोधलात, तर फारसे हाती लागणार नाही. अनेक जण बीटल्सच्या दणदणीत ‘हेल्टर स्केल्टर’कडे (१९६८) बोट दाखवतात, पण माझ्या मते ती वाट चुकीची आहे, ड्रीम थिएटरने घेतली ती गाण्यांची बांधणी. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ या अल्बमची (१९६९) दुसरी बाजू मध्ये न थांबता ऐका. साधारण सोळा मिनिटांत छोटी, काहीशी अपुरी ठेवलेली गाणी एकमेकांत मिसळत जातात आणि ‘यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी’ची चाल ‘कॅरी दॅट वेट’मध्ये अचानक परत येते. तोवर मधली सारी गाणी ऐकून झालेली असल्यामुळे तीच चाल आता अधिक जड वाटते. ड्रीम थिएटरच्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ (१९९९) या अल्बमचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे: ‘ओव्हर्चर १९२८’मध्ये वाद्यांवर ओझरत्या भेटलेल्या सुरावटी पुढे शब्द घेऊन येतात आणि तेव्हा त्या ओळखीच्या वाटतात.
हे केवळ बीटल्सपुरते नाही. बीच बॉइज या अमेरिकी पॉप बँडचे ‘गुड व्हायब्रेशन्स’ १९६६ साली कित्येक महिने, निरनिराळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित झाले आणि ते तुकडे जोडून साडेतीन मिनिटांचे गाणे घडवले गेले. न जुळणारे भाग शेजारी ठेवण्याचे हे धाडस मुळात पॉपचे आहे.

सात_मात्रा:
वरील प्रतिसादात लयीचा मुद्दा राहिला. बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’च्या (१९६७) कडव्यातील बहुतेक ओळी चार अधिक तीन अशा सात मात्रांच्या आहेत, तरीही ऐकणारा अडखळत नाही, कारण ओळ संपते तिथेच आवर्तन संपते. याउलट ड्रीम थिएटरच्या ‘द डान्स ऑफ एटर्निटी’ या वाद्यरचनेत मात्रांची संख्या शंभरावर वेळा बदलते आणि तो बदल जाणवावा हाच तिथे हेतू आहे. तिथे मला साठचे दशक दिसत नाही. ते दिसते ते ड्रीम थिएटरचे गायक जेम्स लाब्री गात असताना, जेव्हा विषम आवर्तन गाण्याच्या ओळीमागे निमूटपणे चालते.

निषाद:
दोघांचेही म्हणणे पटते, पण हा वारसा थेट आला असे मानू नये. मधे ‘येस’सारखे ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँड आहेत. येसच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बममध्ये बीटल्सचे ‘एव्हरी लिटल थिंग’ आहे. मूळ गाणे दोन मिनिटांचे आहे. येसने त्याला लांबलचक वादनाची सुरुवात जोडली, त्यात दुसऱ्या गाण्याची फ्रेज (सुरावटीचा छोटा तुकडा) पेरली आणि मगच गाणे सुरू केले. पॉपचे प्रोग्रेसिव्हमध्ये रूपांतर होताना ऐकायचे असेल, तर याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही.

मंद्रसप्तक:
आपण सुचवलेले येसचे गाणे आत्ताच दोनदा ऐकले. सुरुवातीच्या वादनात पेरलेली गिटारची फ्रेज ‘डे ट्रिपर’ची आहे! पोर्टनॉय यांनी ‘फुल सर्कल’मध्ये नेमके तेच नाव ओवले आहे. आता ‘ॲबी रोड’ची दुसरी बाजू लावतो.