मदत हवी आहे: फ्रीझर वेअरहाऊसच्या फोर्कलिफ्ट हायड्रोजनवर न्यायच्या का? हिशेब तपासून हवा आहे

नमस्कार मंडळी,

ओहायोत कोलंबसजवळ किराणा मालाच्या एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये मी खर्चाचं काम बघतो. अर्धी इमारत फ्रीझर. तीन शिफ्ट, ५० रीच ट्रक (उंच रॅकवरचा माल काढणाऱ्या फोर्कलिफ्ट), सगळे लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर. बॅटऱ्या आता थकल्यात. नव्या घ्यायच्या की अख्खा ताफा हायड्रोजन फ्युएल सेलवर (हायड्रोजनपासून ट्रकवरच वीज बनवणारा संच) न्यायचा, असा प्रश्न वरून आलाय. एका पुरवठादाराने (नाव देत नाही) चकाचक एक्सेल पाठवलंय, त्यात पहिल्या वर्षापासून बचत दिसते. मला ती पचत नाहीये.

आमचे आकडे देतो. गारठ्यात बॅटरी पूर्ण साथ देत नाही, म्हणून प्रत्येक ट्रकची बॅटरी दिवसातून दोनदा बदलतो. बॅटरी रूमला जाणं, रांग, अदलाबदल, परत येणं मिळून १५ मिनिटं. सगळ्या ट्रकचे रोज २५ तास. भत्ते-विमा धरून तासाला ३० डॉलर, म्हणजे रोज ७५० डॉलर नुसते बॅटऱ्या बदलण्यात. चार्जिंगची वीज युनिटला १० सेंटने रोज साधारण २२० डॉलर.

हायड्रोजन ट्रकमागे दिवसाला २ किलो लागेल म्हणतात. टाकीत आणून टाकायचा भाव किलोला ९ डॉलर, म्हणजे रोज ९००. थोडक्यात इंधनात ६८० जास्त, मजुरीत ७५० कमी, निव्वळ ७० डॉलरचा रोजचा फायदा. बॅटरी रूमची जागा मोकळी होईल ती वेगळी. फ्युएल सेलची किंमत त्यांनी ३० टक्के केंद्रीय कर-सवलत वजा करून, लीजमध्ये बसवून, नव्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांच्या बरोबरीला आणून ठेवली आहे.

यात काय राहून गेलंय? आणि वॉलमार्ट, अ‍ॅमेझॉन हजारोंनी हे वापरतात, मग त्यांना परवडतं ते आम्हाला का परवडू नये? जाणकारांनी जरा डोकं घालावं.

जमाखर्च:
आधी ऊर्जेचं बघू. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिटच्या आसपास ऊर्जा असते आणि फ्युएल सेल त्यातली साधारण निम्मी वीज म्हणून देतो. म्हणजे २ किलोत ट्रकला ३३ युनिट मिळतात. लेड-अ‍ॅसिडमध्ये चार्जर आणि बॅटरी मिळून पाव हिस्सा सहज उडतो, म्हणून तेवढ्याच कामाला भिंतीतून ४४ युनिट ओढावे लागतात. ५० ट्रकचे २२० डॉलर. इथवर त्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही.

पण हायड्रोजन भरायला वेळ लागतो तो कुठाय? ३५० बार दाबाने दोन-तीन मिनिटांत टाकी भरते हे खरं, तरी डिस्पेन्सरपर्यंत (हायड्रोजन भरायच्या पंपापर्यंत) ट्रक न्यावा लागतोच. खेपेला ४ मिनिटं आणि दिवसाला तीन खेपा धरा. ५० ट्रकचे १० तास, म्हणजे ३०० डॉलर. तुमचे अधिक ७० झाले उणे २३०.

खरी गोम पुढे आहे. ते ७५० डॉलर हायड्रोजनमुळे वाचत नाहीत, बॅटरी बदलणं बंद झाल्यामुळे वाचतात. बदलणं लिथियम बॅटरीनेही बंद होतं, ती सुट्टीत ट्रकमध्येच चार्ज होते. त्या एक्सेलमध्ये लिथियमचा रकाना आहे का?

जुना_भिडू:
लिथियमचा रकाना नसणार, पैज लावतो. ही सगळी मांडणी ज्या काळात जन्मली तेव्हा समोर लेड-अ‍ॅसिडच होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१३ साली एकूण मालकी खर्चाचा अभ्यास केला होता. बसून चालवायचे ट्रक आणि रीच ट्रक यांना बॅटरीवर ट्रकमागे वर्षाला १९,७०० डॉलर, फ्युएल सेलवर १७,८००. दहा टक्के बचत, तीही दोन-तीन शिफ्ट चालणाऱ्या मोठ्या ताफ्यात. विक्रेते आजही तोच सूर लावतात.

वॉलमार्ट-अ‍ॅमेझॉनचं उदाहरण तर घेऊच नका. २०१७ मध्ये दोघांनीही प्लग पॉवर या फ्युएल सेल बनवणाऱ्या कंपनीशी जे करार केले त्यात खरेदीच्या बदल्यात त्या कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क होते. अ‍ॅमेझॉनला तर २३ टक्क्यांपर्यंत. तुमच्या कंपनीला कुणी शेअर देणार आहे का? नसेल तर त्यांचा भाव आणि तुमचा भाव एक नाही.

कर-सवलतीवरही फार विसंबू नका. २०१६ अखेर ती संपली होती आणि २०१८ च्या फेब्रुवारीत मागच्या तारखेपासून परत आली. मधल्या वर्षभरात ज्यांनी निर्णय घेतले त्यांना विचारा. तुमच्या प्रकल्पाला आज ती लागू आहे का, हे कर सल्लागाराकडून लेखी घ्या, विक्रेत्याकडून नको. आणि प्लग पॉवरने स्वतःच २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, पुढचं वर्षभर तग धरण्याबद्दल शंका आहे असं जाहीर केलं होतं. दहा वर्षांचा इंधन करार करताना पुरवठादाराचा ताळेबंदही वाचावा लागतो.

फ्रीझरवाला:
जमाखर्चरावांशी बराचसा सहमत, पण फ्रीझरमध्ये लिथियम एवढं सरळ नाही. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही, सेल खराब होतात. हीटरवाली बॅटरी घ्यावी लागते आणि चार्जर फ्रीझरच्या बाहेर, डॉकवर (माल चढवा-उतरवायच्या धक्क्यावर) लावावे लागतात. ट्रकमागे रोज ३७-३८ युनिट घालायचे तर मध्यम चार्जरवर तीन तास गेले. तीन शिफ्टच्या जेवणाच्या आणि चहाच्या सुट्ट्या मिळून जेमतेम तेवढाच वेळ निघतो. सगळे ट्रक एकाच सुट्टीत प्लगला लागले की विजेच्या बिलात डिमांड चार्ज (एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक भारावरचा आकार) उडी मारतो. आमच्याकडे सुट्ट्या पुढेमागे केल्या, तेव्हा कुठे तो आवरला. कामगारांची कुरकुर झालीच.

फ्युएल सेल थंडीत खरंच चांगला चालतो. शिफ्टच्या शेवटी लेड-अ‍ॅसिडचा ट्रक जसा मरगळतो तसं होत नाही, पहिल्या पॅलेटला जो जोर तोच शेवटच्या पॅलेटला. फक्त त्यातून पाणी निघतं. फ्रीझरच्या फरशीवर ते सांडलं तर बर्फ, म्हणून ते आतच साठवून बाहेर रिकामं करायची सोय आहे का ते बघा.

आणखी एक. रोज १०० किलो म्हणजे तुम्ही लहान गिऱ्हाईक. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो आणि टाकीत नुसता ठेवला तरी हळूहळू उकळून जातो. वापर जेवढा कमी, तेवढा वाया जाणारा वाटा मोठा. किलोला ९ डॉलर हे ट्रकमध्ये भरलेल्या किलोचे की टँकरमधून उतरवलेल्या? करारात किमान खरेदीची अट असेल तर तीही वाचा. टाकी, पंप, डिस्पेन्सर यांचं भाडं वेगळं आहे की भावात धरलंय?

चाकणकर:
वाचतोय. आमच्याकडेही साहेब कुठल्याशा प्रदर्शनातून आल्यापासून हायड्रोजनच्या गोष्टी करतात. आपल्याकडे जमेल का हो?

जमाखर्च:
चाकणकर, तुमच्याकडे मजुरीचा दर एवढा कमी आहे की बॅटरी बदलण्यातून वाचणारी रक्कमच चिमूटभर. मग महाग इंधन कशाच्या जिवावर घ्यायचं? १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं, पण त्यातला मोठा पैसा उत्पादन आणि इलेक्ट्रोलायझरसाठी (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारी यंत्रं) आहे, तुमच्या रीच ट्रकसाठी नाही. सिलिंडर आणि टाकीच्या परवानगीला पेसोकडे (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) जावं लागेल. त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे, एवढाच काय तो सोयीचा भाग.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. लिथियमचा रकाना खरंच नव्हता, तो मी घातला. प्लग लावणं-काढणं आणि डॉकपर्यंत जाणं दिवसाला ट्रकमागे ८ मिनिटं धरली, म्हणजे २०० डॉलर. वीज १९०. रोजचा चालू खर्च असा निघतो: लेड-अ‍ॅसिड ९७०, हायड्रोजन १,२००, लिथियम ३९०.

मग उलटा हिशेब केला. लेड-अ‍ॅसिडशी बरोबरी व्हायला हायड्रोजन किलोला ६ डॉलर ७० सेंटला मिळायला हवा. भाव घासला तर कदाचित जमेल. लिथियमशी बरोबरी व्हायला मात्र ९० सेंटला! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२१ मध्ये दहा वर्षांत किलोला एक डॉलर असं लक्ष्य ठेवलं, तेसुद्धा फक्त उत्पादनाचं. द्रव करणं, टँकर, टाकी त्याच्या वर.

हायड्रोजन आणि लिथियममधला फरक वर्षाला तीन लाख डॉलरच्या जवळ जातो. हीटरवाल्या बॅटऱ्या, चार्जर आणि काही ट्रक चार्जिंगला अडकतील म्हणून चार-पाच जादा ट्रक त्यातून कितपत निघतात ते आता बघतोय. टाकीचं भाडं वेगळं आहे, हे पुरवठादाराने आज फोनवर कबूल केलं. डिमांड चार्ज मात्र मला अजून नीट धरता येत नाही. फ्रीझरचे कॉम्प्रेसर आणि चार्जर एकाच मीटरवर आहेत.

फ्रीझरवाला:
एकाच मीटरवर असतील तर दर १५ मिनिटांच्या वापराची फाईल वीज कंपनीकडून मागवा, मागतील त्याला देतात. उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट आठवडा घ्या आणि त्यावर चार्जरचा भार चढवून बघा. आलेख इथे टाका, सुट्ट्या कुठे सरकवायच्या ते आपण मिळून बघू.